बुधीबाईचा डबा

हे मी फार आधी लिहायला हवं होतं. दर वेळी काही ना काही निमित्त काढलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे, नातीचं लग्न पार पडू दे, थंडी कमी होऊ दे... खरं कारण एकच. हे लिहिलं की त्यात मी चांगला दिसत नाही. गेल्या महिन्यात शेवटी मनाचा हिय्या केला, शहापूरहून निघालो आणि मुरबाडला गाडी बदलून टोकावड्याला उतरलो. हातात कापडी पिशवी, पिशवीत पत्र्याचा एक डबा. रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेत पुढच्या पाड्याची चौकशी करत होतो, तेवढ्यात मागून कोणीतरी ‘गुरुजी’ म्हणालं. वळून पाहिलं तर डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई. मी ओळखलं नाही. ‘सोनी मी. बुधीची पोर.’ मी म्हटलं, ‘अगं, मी तुझ्या आईकडेच निघालोय.’ तिनं पाटी खाली उतरवली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आई गेली, गुरुजी. तीन आठवडे झालं. दोन दिस ताप आला न् गेलीच.’ त्यानंतर ती आणखीही काही बोलली. त्यातलं एक मी शेवटी सांगेन, कारण आधीचं कळल्याशिवाय त्याचं वजन कळणार नाही.

टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत एका संस्थेचा वृद्धाश्रम होता. आता तो बंद झालाय. शाळेतून निवृत्त झाल्यावर, बायको आधीच गेलेली असल्यामुळे, मी तिथे व्यवस्थापक म्हणून राहायला गेलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बावीस म्हातारी माणसं, दोन लांब खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून मोरी, आणि या सगळ्याचा कणा म्हणजे बुधीबाई. तिचं माहेर सिद्धगडाखालच्या रानातलं, सासर टोकावड्याच्या पुढच्या पाड्यावर. नवरा लवकर गेला होता. ‘बुधवारी झाले म्हनून बुधी. गुरुवारी झाले असते तं तुमच्यासारी गुरुजी झाले असते,’ असं ती पहिल्याच दिवशी मला म्हणाली होती. वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. मी तिला पहिल्यापासून अगं-तुगं करत आलो. तिथे सगळेच करायचे, आणि त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

ती नुसती स्वयंपाकीण नव्हती. सकाळी प्रत्येक खाटेपाशी जायची, आपलं मनगट पुढे करायची आणि म्हणायची, ‘धर गो आजी, ऊठ.’ म्हातारी तिचं मनगट धरून उठायची. तेवढ्या पकडीवरून बुधीबाईला कळायचं, कोणाच्या अंगात किती ताकद उरली आहे. ‘आज तात्याचा हात सुटतोय, त्याला कढण जास्त देते,’ असं ती मला येऊन सांगायची. कुळथाचं कढण, चवळीची उसळ, चालत असेल त्याला भाजून कुटलेली जवळ्याची सुकट भाकरीबरोबर, पाड्यावरच्या कोंबड्यांची अंडी. यादी अशी काही नव्हती, सगळं तिच्या डोक्यात असायचं. पांडूतात्या म्हणून एक गिरणीत काम केलेले गृहस्थ होते, हाडांचा नुसता सापळा. ते म्हणायचे, ‘बुधे, मला जरा दाबून वाढ, मला लगीन करायचंय.’ ती म्हणायची, ‘आधी हात न टेकता ऊठ, मंग पोरगी बघू.’ आणि तात्या खरंच दिवसातून दहा वेळा खुर्चीवरून हात न टेकता उठायचा प्रयत्न करत बसायचे. सगळी खोली हसायची. आता डॉक्टर लोक म्हाताऱ्या माणसांना हाच व्यायाम सांगतात. माझ्या सुनेनं मला सांगितला तेव्हा मला आधी तात्याच आठवले.

महिन्यातून दोनदा मुरबाडहून एक तरुण डॉक्टर स्कूटरवर यायचे. त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं, की ही माणसं भात आणि पातळ वरण यावर जगतात, त्यांचे स्नायू झिजत चाललेत, पडतात ती त्यामुळे. यांना प्रथिनं वाढवायला हवीत. त्यांच्या बोलण्याचा मी अहवाल केला आणि संस्थेकडे पाठवला. मला अहवाल लिहायची हौस होती. महिन्याभरात कल्याणच्या एका देणगीदारानं खोकी भरून प्रोटीन पावडरचे डबे पाठवले. हिरव्या झाकणाचे पत्र्याचे डबे, वर एक दणकट आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे. झाकण उघडलं की गोड वास सुटायचा. मी नियम केला, सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या दुधात दोन-दोन चमचे, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वजन. त्यासाठी मी एक मोठी वही आखली. डॉक्टर पुढल्या वेळी आले तेव्हा मी त्यांना ‘संस्थेनं पावडर सुरू केली’ एवढंच सांगितलं. ते घाईत होते. ‘उत्तम, पण साखरवाल्यांना बघून द्या,’ असं काहीसं म्हणाले. मी मान हलवली. डब्यामागचं बारीक इंग्रजी वाचू शकेल असा त्या आश्रमात मी एकटा होतो. मी ते वाचलं नाही. डब्यावर ‘प्रोटीन’ असं मोठ्या अक्षरात होतं, तेवढं मला पुरलं.

आमच्याकडे पाच जणांना मधुमेह होता. त्यात ताराआजी सगळ्यात तिखट. कल्याणकडच्या शेतकरी घरातल्या, दोन मुलांनी एकमेकांकडे बोट दाखवत आणून सोडलेल्या. पहिल्या दिवशी दूध पिऊन म्हणाल्या, ‘गुरुजी, हे पिऊन काय मला कुस्तीला उतरवताय का?’ पण गोड लागायचं, म्हणून आवडीनं प्यायच्या. दीड-दोन महिन्यांत त्यांना तहान तहान होऊ लागली. मोरीत लघवीला सारख्या फेऱ्या. आणि नवल म्हणजे खाणं चांगलं असून वजन उतरलं. मी वहीत आकडा लिहिला आणि पुढच्या ओळीकडे गेलो.

एका सकाळी बुधीबाई हात पुसत माझ्या टेबलापाशी आली. ‘गुरुजी, त्या पावडरीत साखर हाय.’

‘साखर नाही, प्रोटीन आहे. डॉक्टरांना विचारूनच देतोय.’

‘मोरीत मुंग्या लागल्यात. ताराआजी जाऊन आली का लागतात. आदी नवत्या लागत. आनि त्या चार जनांचं पन तसंच.’

मला हसू आलं. मी म्हटलं, ‘बुधीबाई, तू स्वयंपाक बघ. मुंग्यांवरून औषधं ठरवायला लागलो तर डॉक्टरांनी काय करायचं?’ तिनं पदर खोचला. मग म्हणाली, ‘बरं.’ त्या महिन्याच्या बैठकीत मी हा किस्सा रंगवून सांगितला, की आमच्याकडे लॅब नाही पण मुंग्या आहेत. सगळे हसले. चहा घेऊन आलेली ती दारात उभी होती. तिनं ऐकलं हे मला माहीत आहे, कारण कप ठेवताना बशीत चहा सांडला, आणि एरवी तिच्या हातून कधी काही सांडत नसे.

त्यानंतर मोरीतल्या मुंग्या गेल्या. ताराआजींची तहान कमी झाली, पुढच्या दोन महिन्यांत वजनही जागेवर आलं. पांडूतात्या एक दिवस हात न टेकता खुर्चीवरून उठले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वहीतले आकडे पाहून खूश झालो. पावडर लागू पडली, असा सविस्तर अहवाल पाठवला. देणगीदारानं आणखी खोकी पाठवली. यामागे काही वेगळं चाललं असेल, असं माझ्या मनातही आलं नाही. कामं बुधीबाई करायची आणि मी नोंदी करायचो...

मग तो दिवस आला. संस्थेचे कार्यवाह देणगीदारांना घेऊन पाहणीला आले. मला आधी निरोप होता, म्हणून मी वही झाडून-पुसून ठेवली होती. स्वयंपाकघर दाखवताना त्यांच्यातल्या एकाची नजर सरपणामागे गेली. गोणपाटाखाली तीन भरलेले, सीलबंद डबे. कार्यवाहांनी माझ्याकडे पाहिलं. मला काही माहीत नव्हतं. दारामागच्या खुंटीला बुधीबाईची पिशवी होती. त्यांनी ती चाचपली. आत हिरव्या झाकणाचा आणखी एक डबा. उचलून पाहिला, जड होता. ‘घरी चाललेत वाटतं म्हाताऱ्यांचे डबे,’ ते म्हणाले.

बुधीबाई चुलीपाशी उभी होती. घाबरलेली मुळीच नव्हती. ‘नेयाचे असते तं कवाच नेले असते. नेनाराच्या घरी असतात, सरपनात नाय.’

‘मग लपवले कशाला?’

तिनं माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी द्यावं, अशी ती नजर होती. रिकामे डबे घरी न्यायला मीच तिला सांगितलं होतं, ‘फेकण्यापेक्षा तुला दाणागोटा ठेवायला होतील’ म्हणून. आणि मुंग्यांचं तिनं मला सांगितलं होतं. या दोन गोष्टी जोडायला फार अक्कल लागत नव्हती. पण पाहुणे उभे होते, आणि त्यांच्या हातात माझा अहवाल होता. मी पाहुण्यांकडे वळलो. तेव्हा तिनं पिशवीतला डबा काढून माझ्यापुढे धरला. ‘उघडून तं बगा, गुरुजी.’

मी उघडला नाही. ‘काही गरज नाही,’ असं म्हणालो. इतक्या वर्षांत मी त्या क्षणाकडे पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं आहे. उघडला असता आणि आत पावडर नसती, तर पुढचा प्रश्न मला आला असता. ते डबे का उरले? या बाईनं तुम्हाला आधी काही सांगितलं होतं का? मला ते आतून कळलं होतं, आणि म्हणूनच माझा हात पुढे झाला नाही. कार्यवाह म्हणाले, आजपासून ही नको. तिनं डबा माझ्या टेबलावर ठेवला. वाद घातला नाही. दोन्ही खोल्यांतून एक फेरी मारली. ताराआजींनी तिचं मनगट धरून ठेवलं होतं, ते तिनं हळूच सोडवलं. ‘येते गो आजी. रागं रागं खाऊ नको, हळू खा.’ आणि चारच्या एसटीनं ती गेली.

पाहुण्यांची गाडी निघून गेल्यावर मी टेबलापाशी बसलो आणि तो डबा उघडला. आत भाजलेल्या कुळथाचं पीठ होतं. बारीक दळलेलं, खमंग. मध्ये कागदाच्या पुडीत कुटलेला जवळा, आणि एका फडक्यात कोंड्यात रोवून ठेवलेली पाच अंडी. पाच. ती डबा घरी नेत नव्हती, घरून आणत होती. मी ताराआजींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘आम्हा पाच जणांना ती ते गोड दूध देतच नव्हती. कढण द्यायची. गुरुजींना सांगू नका म्हणाली, त्यांना वाईट वाटेल.’ ...मला वाईट वाटेल म्हणून.

तेव्हा साडेचार वाजत आले होते. पुढची एसटी सहाला होती. मी त्या एसटीनं तिच्या पाड्यावर जाऊ शकलो असतो. दुसऱ्या दिवशी जाऊ शकलो असतो. कार्यवाहांना एक कार्ड टाकू शकलो असतो. त्याऐवजी चार दिवसांनी संस्थेकडून कागद आला, त्यावर ‘साहित्याच्या अपहाराबद्दल कामावरून कमी’ असं होतं, आणि खाली माझी सही हवी होती. मी केली.

नवीन बाई आली, नियमाप्रमाणे सगळ्यांना पावडर देऊ लागली. मी तिला पाच जणांचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते मला कसं कळलं, हेही सांगावं लागलं असतं.  मुंग्या परत आल्या. ताराआजींना नव्या चपलेचा फोड आला, तो भरेना, काळा पडत गेला. डॉक्टरांनी मुरबाडला रक्त तपासायला पाठवलं आणि आकडा पाहून स्वतः धावत आले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी डबा हातात घेतला, फिरवला, मागचं वाचलं. ‘गुरुजी, यात साखर आहे हो! ही यांना कधीपासून देताय?’

मी म्हणालो, ‘आधीची बाई काय काय देत होती, कुणास ठाऊक.’

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी गुरुजी होतो ना. पाचही जणांची पावडर त्या दिवशी बंद झाली, पण ताराआजींना उशीर झाला होता. ठाण्याच्या रुग्णालयात त्यांचा पाय घोट्यापासून काढला. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचा हात उशाशी चाचपत होता. मला वाटलं पाणी हवंय. म्हणाल्या, ‘बुधीला बोलवा. तिच्याशिवाय मला कोणी उठवत नाही नीट.’ मी ‘बोलावतो’ म्हटलं. आठ दिवसांनी त्या गेल्या. त्यांच्या मुलांना मी सांगितलं की साखर फारच वाढली होती, त्याला कोण काय करणार.

वर्षाच्या आत मी आश्रम सोडला आणि मुलाकडे शहापूरला आलो. त्यानंतर बुधीबाई मला एकदाच भेटली. मुरबाडच्या बाजारात, रस्त्याच्या कडेला कुळीथ आणि नाचणी घेऊन बसली होती. मी वाट बदलणार होतो, पण तिनंच पाहिलं. ‘अरे, गुरुजी! बारीक झालात. कोन घालतं जेवाया?’ चेहऱ्यावर राग शोधला तर सापडला नाही. आश्रमातल्या एकेकाचं नाव घेऊन विचारत राहिली. तात्या उठतात का हात न टेकता? आणि मग, ‘ताराआजीचा पाय कसा हाय? फोड आला होता म्हनून एक जन सांगत होता.’

‘बरा झाला,’ मी म्हणालो.

‘देवानं केलं बाय,’ ती म्हणाली. खरंच समाधान वाटलं तिला. मी मागितलं नसताना तिनं माझ्या पिशवीत दोन ओंजळी कुळीथ टाकले. ‘दळून घ्या न् कढण करून प्या. त्या डब्यातलं नको.’ मी घरी येऊन ते कुळीथ फडताळात ठेवले, आणि पुढे त्यांना पोरकिडे लागेपर्यंत त्यांना हात लावला नाही.

मधल्या वर्षांत मी संस्थेला पत्र लिहायला बसलो, किती वेळा ते आठवत नाही. आश्रम बंद झाला, कार्यवाह वारले, ते कागद कुठे गेले कुणालाच माहीत नाही. पण त्या कागदावर बुधीबाईच्या नावापुढे जे लिहिलं होतं ते पाड्यापर्यंत पोचलं होतं. त्यानंतर आसपासच्या शाळेत, दवाखान्यात कुठेही तिला स्वयंपाकाचं काम मिळालं नाही, हे मला आत्ता सोनीकडून कळलं. म्हणून इथे, जे वाचतील त्यांच्यासमोर, स्पष्ट लिहितो. बुधीबाईनं कधीही काहीही नेलं नाही. ती डब्यातून पाच माणसांचं जेवण आणत होती, आपल्या घरचं. लपवलेले डबे तिनं माझा मान राखायला लपवले होते. ताराआजी गेल्या त्या तिच्यामुळे नाही. तिच्यामुळे त्या तोवर जगल्या होत्या.

आता माझी सून मलाही पावडर देते. मांड्या बारीक झाल्यात, साखरही सीमेवर आहे. तिनं विचारून-वाचून, साखर नसलेली आणली आहे. तरी मी चष्मा लावून डब्यामागचं बारीक अक्षर वाचतो, रोज, तेच ते. ‘बाबा, पाठ झालं असेल तुम्हाला,’ ती हसते. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. कोणी मनगट पुढे केलं तर बरं होईल असं वाटतं, आणि लगेच वाटतं, ते मागायचा आपल्याला हक्क नाही.

टोकावड्याच्या त्या टपरीपाशी सोनी जे म्हणाली ते हे. ‘आई म्हनायची, गुरुजी तवा पावन्यांसमोर लाजले असतील. डबा तिथंच ठेवलाय मी. एक ना एक दिस उघडतील, मंग त्यांना कळंल, मंग येतील बोलवाया.’ आणि मग तिनं मला सरळ विचारलं, ‘तुमी उघडला का हो तो डबा कदी?’

डबा माझ्या पिशवीत होता. हिरवं झाकण गंजून काळपट झालेलं, आत मी स्वतः दळून आणलेलं कुळथाचं पीठ. तो तिच्या आईच्या हातात देऊन जे बोलायचं होतं ते मी गाडीत बसून पाठ केलं होतं. सोनीपुढे त्यातला एक शब्दही फुटला नाही. माझी गाडी लागली आणि मी चढलो. डबा परत घरी आला. आत्ता तो या टेबलावर, माझ्या पावडरच्या डब्याशेजारी आहे, आणि पाठ केलेल्यातलं पहिलंच वाक्य मला अजून येतं...

बुधीबाई, तुम्ही दिलेला डबा मी उघडला होता. त्याच दिवशी. तुमची एसटी अजून पाड्यावर पोचलीही नसेल.